एकाच बरणीला दोन भाव

बाबा मे 2024 मध्ये सांगलीहून आमच्याकडे इंग्लंडला आले, तीन महिन्यांसाठी. एसटीच्या हिशेब खात्यात पस्तीस वर्षं काढलेला माणूस, नुसतं घरात बसून त्यांना करमेना. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्या हातात यादी आणि पैसे दिले. घराजवळच्या मोठ्या सुपरमार्केटचा रस्ता एव्हाना त्यांच्या पायाखालचा झाला होता. तासाभराने चौदा वस्तू घेऊन परतले, पिशव्या ओट्यावर ठेवल्या आणि चहा बाजूला सारून पावती टेबलावर सपाट करत बसले.

पावती 46 पौंड 65 पेन्सची होती. तेवढ्याच सामानाला मला अडतीस-एकोणचाळीस पडले असते. काय झालं ते माझ्या लगेच लक्षात आलं. मी त्यांना दुकानाचं सदस्य-कार्ड द्यायला विसरले होते.

"अगं, कॉफीच्या बरणीखाली दोन भाव लावलेत," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात सहा, खाली बारीक अक्षरात आठ. मी सहा बघून उचलली. यांनी आठ घेतले."

"सहा कार्डवाल्यांना असतात, बाबा."

"ते मला तिथल्या मुलीने सांगितलं. पण बरणीचा खरा भाव कोणता?"

मला उत्तर देता आलं नाही. दहा वर्षं मी त्या दुकानात कार्ड टेकवत आले आहे, आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. पुढचे दोन महिने आमच्या घरात याच प्रश्नाचा छडा लावणं चाललं होतं.

पावती

चौदापैकी सहा वस्तूंना दोन भाव होते: कॉफीची 200 ग्रॅमची बरणी, अर्धा लिटर ऑलिव्ह तेल, कपडे धुण्याचं लिक्विड, चीज, दह्याचा डबा आणि संत्र्याचा रस. बाबांनी पेन्सिलीने प्रत्येकासमोर कार्डाचा भाव लिहिला आणि फरक काढला. कॉफीत 2 पौंड, तेलात दीड, लिक्विडमध्ये अडीच, चीजमध्ये एक, दह्यात पन्नास पेन्स, रसात पंचाहत्तर. एकूण 8 पौंड 25 पेन्स. सहा वस्तू कार्डाने 27 पौंडांना पडल्या असत्या, बिनकार्डाच्या 35 पौंड 25 पेन्सना पडल्या. उरलेल्या आठ वस्तूंना, म्हणजे दूध, ब्रेड, कांदे, बटाटे वगैरेंना, भाव एकच होता.

या पावतीत मला जास्त महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. कार्ड म्हटलं की आपल्या डोक्यात पॉइंट येतात. टेस्को या सुपरमार्केट साखळीच्या क्लबकार्डावर दुकानात पौंडाला एक पॉइंट मिळतो आणि 150 पॉइंटांचं दीड पौंडाचं व्हाउचर होतं, म्हणजे टक्काभर परतावा. सेन्सबरीज या दुसऱ्या साखळीच्या नेक्टर कार्डावर 500 पॉइंटांचे अडीच पौंड, म्हणजे अर्धा टक्का. आठवड्याला शंभर पौंडांचा किराणा भरणाऱ्या घराला वर्षाकाठी पहिल्यात 52 पौंड सुटतात, दुसऱ्यात 26. आमच्या पावतीवर टक्क्याने हिशेब केला तर अडतीस पेन्स. आणि दुहेरी भावाचा फरक सव्वाआठ पौंड. म्हणजे कार्डाची किंमत आता पॉइंटांत उरलेलीच नाही, ती फळीवरच्या पाटीवर गेली आहे. पॉइंट जमवले नाहीत तर बक्षीस हुकतं एवढंच. कार्ड नसेल तर मात्र खिशातून पैसे जातात.

कशाच्या मानाने स्वस्त?

सांगलीत कॉफीची बरणी घेताना बाबा ती आधी उलटी करतात. एमआरपी बघतात. आपल्याकडे पॅकबंद मालावर सगळ्या करांसह कमाल किरकोळ किंमत छापलेली असते, त्याहून जास्त घेणं गुन्हा आहे. डीमार्टमध्ये गेलं की पाटीवर एमआरपी आणि डीमार्टचा भाव शेजारी शेजारी असतात. सूट किती, हे कोणीही समजू शकतो, कारण ज्याच्यापासून सूट मोजायची तो आकडा दुकानदाराच्या हातात नाही, तो कारखान्यातून छापून आलेला आहे. (ती छापील किंमतही कंपन्या फुगवून ठेवतात, हे खरं. पण निदान ती सगळ्या दुकानांत सारखी असते.)

ब्रिटनमध्ये बरणी उलटी करून काही मिळत नाही. उत्पादकाने दुकानदारावर किंमत बांधून घालायची पद्धत तिथे 1964 च्या कायद्याने मोडीत निघाली, आणि ते ग्राहकाच्या भल्यासाठीच झालं: दुकानांना एकमेकांपेक्षा स्वस्त विकायची मोकळीक मिळाली. पण त्यामुळे 'नेहमीचा भाव' कोणता, हे दुकानच ठरवतं. पाटीवरचे आठही त्याचेच आणि सहाही त्याचेच. बाबा हेच विचारत होते.

एसटीचा माणूस, त्यामुळे उदाहरणही तिकडचंच आलं. "एका सीटला दोन भाव आमच्याकडेही असतात," ते म्हणाले. "शेजारच्या बाईंना अर्धं तिकीट, मला 75 झाली म्हणून फुकट. पण फुल तिकीट किती, सवलत कोणाला आणि तुटीचे पैसे महामंडळाला कोण देतं, हे सगळं कागदावर असतं. तिथे म्हाताऱ्याला सवलत. इथे म्हाताऱ्याकडून जादा." ज्येष्ठांचा मोफत प्रवास 2022 पासून आणि महिलांना अर्धं तिकीट 2023 पासून, या दोन्ही योजनांची भरपाई राज्य सरकार करतं. इथली भरपाई कोण करतं, हे विचारायला हवंच होतं. काही भाग माल पुरवणाऱ्या कंपन्या उचलतात, ऑफरचा खर्च त्यांच्याकडूनही घेतला जातो. काही भाग कार्डातून जमणाऱ्या माहितीचा: कोण काय, कधी, किती घेतं हे कळलं की त्याच माणसाला नेमकी जाहिरात दाखवण्याचे पैसे कंपन्या साखळ्यांना देतात. आणि काही भाग बाबांसारख्यांनी भरलेल्या आठ पौंडांचा.

स्टॅम्पपासून कार्डापर्यंत

या खेळाला जुना इतिहास आहे. टेस्कोने 1963 मध्ये ग्रीन शील्ड स्टॅम्प घेतले. खरेदीवर तिकिटं मिळायची, बायका ती वहीत चिकटवायच्या, वह्या भरल्या की किटली, चादर असं काहीतरी मिळायचं. 1977 मध्ये कंपनीने हे स्टॅम्प एका झटक्यात सोडले आणि ते पैसे भाव उतरवण्यात घातले. तो निर्णय मला आजही सगळ्यात प्रामाणिक वाटतो: बक्षिसाचा खर्च बंद, स्वस्ताई सगळ्यांना.

अठरा वर्षांनी, फेब्रुवारी 1995 मध्ये, त्याच कंपनीने क्लबकार्ड काढलं. एडविना डन आणि क्लाइव्ह हंबी या जोडप्याच्या डनहंबी या छोट्या कंपनीने आधीच्या चाचणीतले आकडे टेस्कोच्या संचालकांपुढे मांडले, तेव्हा अध्यक्ष इयन मॅक्लॉरिन म्हणाले होते की मला माझ्या गिऱ्हाइकांबद्दल तीस वर्षांत जेवढं कळलं नाही, तेवढं तुम्हाला तीन महिन्यांत कळलं, याची भीती वाटते. सेन्सबरीजच्या प्रमुखांनी कार्डाला 'इलेक्ट्रॉनिक ग्रीन शील्ड स्टॅम्प' म्हणून उडवून लावलं. त्याच वर्षी टेस्को सेन्सबरीजला मागे टाकून देशातली पहिल्या क्रमांकाची किराणा साखळी झाली. 2002 मध्ये नेक्टर आलं आणि सेन्सबरीज त्यात सामील झाली.

तरीही ही सगळी वर्षं फळीवरचा भाव सगळ्यांना एकच होता. कार्डवाल्याला मागाहून काहीतरी मिळायचं, एवढंच. टेस्कोने क्लबकार्ड प्राइसेस 2019 मध्ये सुरू केल्या आणि पुढच्या वर्षी त्या दुकानभर पसरवल्या, तेव्हा हे बदललं. एप्रिल 2023 मध्ये सेन्सबरीजने नेक्टर प्राइसेस आणल्या आणि बघता बघता दोन भावांची पाटी हीच रीत झाली.

वेळ बघा. मार्च 2023 मध्ये ब्रिटनमधली अन्नधान्याची महागाई 19 टक्क्यांवर गेली होती, पंचेचाळीस वर्षांत नव्हती एवढी. मे 2021 ते मे 2024 या तीन वर्षांत खाद्यपदार्थ 30.6 टक्क्यांनी महागले. तेवढी वाढ व्हायला त्याआधी तेरा वर्षं लागली होती. युक्रेनच्या युद्धाने गॅस, खत आणि सूर्यफुलाचं तेल महागलं. स्पेनच्या दुष्काळाने ऑलिव्ह तेल हाताबाहेर गेलं. फेब्रुवारी 2023 मध्ये स्पेन-मोरोक्कोतल्या खराब हवामानाने टोमॅटो, काकड्या मिळेनाशा झाल्या आणि काही साखळ्यांनी माणशी तीनच नग अशी मर्यादा घातली. आपल्या लोकांना आणखी एक झटका बसला: जुलै 2023 मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली. आमच्या भागातल्या भारतीय दुकानात तांदळाची दहा किलोची पिशवी महागली. पण तिथे जो भाव पाटीवर, तोच सगळ्यांना.

सुपरमार्केटवाले लुटतात असं या काळात सर्रास बोललं जायचं, आमच्या मराठी मंडळाच्या जेवणावळीतही. स्पर्धेवर देखरेख करणारं सरकारी प्राधिकरण, सीएमए, याने जुलै 2023 मध्ये तपासून सांगितलं की या महागाईमागे दुकानांमधली कमी पडलेली स्पर्धा हे कारण दिसत नाही. 2022-23 मध्ये किराणा दुकानदारांचा सरासरी नफा शंभराला 3.2 वरून 1.8 वर आला होता. तेव्हा दुकानांनी संकटात हात धुऊन घेतले, असं मी म्हणणार नाही. पण गिऱ्हाईक पै-पै मोजू लागलं की ते चार दुकानं हिंडतं, ऑल्डी-लिडलसारख्या स्वस्त दुकानांकडे वळतं, आणि मोठ्या साखळ्यांना त्याला बांधून ठेवण्याची निकड वाटते. दुहेरी भाव हा त्या निकडीतून आलेला दोर आहे, असं माझं मत.

बाबांची वही

पावतीच्या दुसऱ्याच दिवशी बाबांनी शंभर पानी वही मागितली. रकाने आखले: वस्तू, वजन, बिनकार्डाचा भाव, कार्डाचा भाव, किलोचा किंवा लिटरचा भाव, दुसरीकडचा भाव. आठवड्यातून दोनदा ते नुसते बघायला जायचे. चष्मा कपाळावर, वही ट्रॉलीच्या दांड्यावर. फळीसमोर कमरेत वाकून बारीक अक्षरं वाचायचे. दुकानात कोणी हटकलं नाही. एका कामगार मुलाने तर त्यांना स्टूल आणून दिलं.

त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं ते असं: पाटीवर किलोचा भाव छापलेला असे, पण बऱ्याचदा तो बिनकार्डाच्या भावावरून काढलेला. कार्डाच्या भावाने किलोला किती पडतात, ते गिऱ्हाइकाने स्वतः काढायचं. सहाशे ग्रॅमचा डबा कार्डाने आणि शेजारचा दीड किलोचा पॅक बिनकार्डाने, यात स्वस्त कोणतं हे उभ्या उभ्या सांगणं हिशेबनिसालासुद्धा जड जात होतं. लहान मूल काखेत असलेली बाई काय करणार?

मग ते सहा वस्तूंची यादी घेऊन पंधरा मिनिटांवरच्या दुसऱ्या दुकानात गेले. तिथे कार्ड नाही, दोन भाव नाहीत, ओळखीचे ब्रँडही फारसे नाहीत. कॉफी कार्डाने 100 ग्रॅमला 3 पौंड पडत होती, इथे 2 पौंड 20 पेन्स. तेल 6 पौंड 50 च्या ऐवजी साडेपाच. चीज 3 पौंड 25 च्या ऐवजी 2 पौंड 79, तेवढ्याच वजनाला. रस 2 पौंड 75 च्या ऐवजी 2 पौंड 30. दही दोन्हीकडे दोन पौंड. धुण्याचं लिक्विड मात्र इथे सातला, तिथे कार्डाने साडेसहाला. सहा वस्तूंची बेरीज 23 पौंड 99 पेन्स, कार्डाच्या 27 च्या समोर.

त्या रात्री त्यांनी पावती पुन्हा काढली आणि तीन ओळींखाली रेघ मारली. "तू एरवी एवढी मोठी कॉफी आणतेस? हा रस? हे तेल?" नव्हते आणत. यादीत मी 'कॉफी' लिहिलं होतं, आम्ही नेहमी छोटी बरणी आणतो. रस यादीत नव्हताच. तेल अजून अर्धी बाटली शिल्लक होतं, मीच 'स्वस्त असेल तर' असं पुढे लिहिलं होतं. म्हणजे पाटीने वाचवलेले पैसे मोजताना पाटीने खर्च करायला लावलेले पैसेही त्याच वहीत यायला हवेत. वाचवण्याचा हिशेब सगळे करतात. हा दुसरा हिशेब मी दहा वर्षांत केला नव्हता.

दुसऱ्या दुकानाची कॉफी मात्र बाबांना आवडली नाही. चार दिवस घेतली, मग म्हणाले, "ही नको गं." पुन्हा जुनीच आली, कार्डाच्या भावाने. आणि तेही बरोबरच आहे. स्वस्त पडतं म्हणून न आवडणारी वस्तू पिण्यात कसली बचत?

प्राधिकरणाचं उत्तर

जानेवारी 2024 मध्येच सीएमएने दुहेरी भावांची चौकशी सुरू केली होती. त्याच्या आदल्या वर्षी 'विच?' या ग्राहक संस्थेने काही ऑफरमधला 'नेहमीचा भाव' खरोखर नेहमीचा नसल्याचं दाखवलं होतं. चौकशीचा निकाल 27 नोव्हेंबर 2024 ला आला. तोवर बाबा सांगलीला परतले होते. मी फोनवर त्यांना सगळं वाचून दाखवलं.

पाच साखळ्यांमधल्या, टेस्को, सेन्सबरीज, वेट्रोज, को-ऑप आणि मॉरिसन्समधल्या, सुमारे 50,000 वस्तूंच्या कार्डभावांची तपासणी झाली. त्यातल्या 92 टक्के वस्तूंवर नेहमीच्या भावाच्या मानाने खरी बचत होती. कार्डाच्या भावाने सरासरी 17 ते 25 टक्के सुटतात, असंही निघालं. (आमच्या पावतीतल्या सहा वस्तूंवर 23 टक्के निघाले होते, बाबांना त्याचं मोठं समाधान वाटलं.) गंमत अशी की लोकांचा मात्र विश्वास नव्हता: विचारलेल्यांपैकी 55 टक्क्यांना वाटत होतं की कार्डाचा भाव स्वस्त दिसावा म्हणून वरचा भाव चढवला जातो, आणि 43 टक्क्यांना बिनकार्डवाल्याकडून जास्त घेणं अन्यायाचं वाटत होतं. प्राधिकरणाने एक इशाराही दिला: कार्डाचा भाव हा बाजारातला सगळ्यात कमी भाव असेलच असं नाही, दुसरीकडेही बघा. बाबांच्या वहीतला शेवटचा रकाना तोच होता.

मग बरणीचा खरा भाव आठच, असं म्हणायचं? कागदोपत्री हो. आठ हा बनावट आकडा नव्हता. पण मला पटलेलं उत्तर बाबांनी फोनवर दिलं. "जो भाव बहुतेक लोक देतात तो खरा भाव. वरचा भाव उरतो तो फक्त ज्याच्याजवळ कार्ड नाही त्याच्यासाठी. मग त्याला भाव कशाला म्हणायचं, तो दंड झाला." प्राधिकरणाने आठ खरे आहेत की नाहीत ते तपासलं. ते आठ कोण भरतं, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो.

कोण भरतं, ते मी समोरच बघते. पलीकडच्या घरात ब्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहतात, एकट्या. स्मार्टफोन नाही, ईमेल नाही. त्यांच्या पेन्शनीत दूध, ब्रेड, मांजराचं खाणं, चहा बसतो. मी एकदा त्यांच्या पिशव्या उचलून दिल्या तेव्हा वर ठेवलेली पावती दिसली: एकही वस्तू कार्डाच्या भावाने नव्हती. नुकती या देशात आलेली विद्यार्थिनी, दोन आठवडे मुलीकडे राहायला आलेली आई, शाळेतून येताना सँडविच घेणारा पोरगा, ज्याला 2024 मध्ये काही साखळ्यांच्या कार्डासाठी अठरा पूर्ण व्हावी लागत: ही सगळी माणसं वरचा भाव देतात. यातलं कोणीही चैनीला जात नाही. कार्ड नाकारण्यामागे कोणाचं तत्त्व असेल, आपली माहिती द्यायची नसेल, तर तो त्यांचा हक्क आहे आणि त्याचीही किंमत त्यांच्याकडून घेतली जाते. वृद्धांना आणि स्मार्टफोन नसलेल्यांना कार्ड सहज मिळावं यासाठी साखळ्यांनी आणखी करावं, असं प्राधिकरणानेही म्हटलं. मी म्हणेन, ते सुचवून भागणार नाही. दूध, ब्रेड, डाळी यांना दोन भाव असूच नयेत.

शेजारच्या बाईंसाठी मी दुकानाच्या मदत काउंटरवर गेले. फोन नसला तरी प्लॅस्टिकचं कार्ड मिळतं, फक्त विचारावं लागतं. अर्ज मी भरला, सही त्यांनी केली. कार्डाला भोक पाडून आम्ही ते त्यांच्या घराच्या किल्लीला अडकवलं, कारण किल्ली त्या कधीच विसरत नाहीत.

वही बाबा इथेच ठेवून गेले. आता ती माझा अकरा वर्षांचा मुलगा भरतो, शनिवारी, ट्रॉलीच्या दांड्यावर ठेवून. त्याने एक रकाना वाढवला आहे, 'लागतं का?' असा. गेल्या आठवड्यात संत्र्याच्या रसाला पुन्हा मोठ्या अक्षरात कमी भाव लागला होता. त्याने वजन लिहिलं, दोन्ही भाव लिहिले, लिटरचा भाव काढला, आणि शेवटच्या रकान्यात 'नाही' लिहून पुढच्या फळीकडे गेला.